न वाचता ‘वाय’ दाबणारे आमचे हे

आमच्या ह्यांचं नाव गोरक्ष. मी ते तोंडाने घेत नाही, पण लिहायला कुणाची चोरी? उभी हयात ओझरच्या विमान कारखान्यात गेली. विमानं उडवली नाहीत आणि बनवलीही नाहीत. ज्या पान्यांनी ती बनतात, ते पाने सांभाळले. टूलरूमला होते. पण बोलायचा थाट असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आजारी पडला की त्या दिवशी हवाई दलाला सुटीच.

टूलरूमची एक शिस्त असते म्हणे. भिंतीवर फळा, फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, आणि ज्याची त्याची जागा ठरलेली. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली की पाना सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. विसरलेला पाना विमानाच्या पोटात राहिला तर माणसं मरतात. मला मान्य आहे. पण माझं उलथनं जागेवर नसलं तर कोण मरतं, सांगा बघू? रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात ह्यांनी ओट्यावरच्या भिंतीवर, नव्याने रंग दिलेल्या भिंतीवर, मार्करने झाऱ्याची, पळीची, सांडशीची आकृती काढली. आमच्या अमृतधाममधल्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या बायका हळद विसरून ती भिंत बघत बसल्या.

दुसरी शिस्त याहून वाईट. जे लागत नाही ते घरात ठेवायचं नाही. वर्षभरात जे कुणी नावाने मागितलं नाही, ते भंगारात. माझं पुरणयंत्र असंच गेलं. “वर्षातून दोनदा तर लागतं!” म्हणाले. मी म्हटलं, “वर्षातून दोनदा तर तुम्ही हसता, तुम्हालाही देऊ का?” त्यावर नेहमीचं उत्तर: “तुला सिस्टीम कळत नाही.”

अशा माणसाच्या हाती आमच्या ललितने जाता जाता आपला जुना कॉम्प्युटर दिला. ललित आमचा मुलगा, पुण्याला असतो. त्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. म्हणजे काय ते मला एवढंच कळलं, की ते फुकट आहे आणि त्यात माऊसने टिचक्या मारण्यापेक्षा हुकूम लिहून दिलेला जास्त चालतो. काळी खिडकी उघडायची, त्यात एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. ह्यांना तर स्वर्गच मिळाला.

त्यात एपीटी नावाचं एक प्रकरण आहे. ह्यांच्या शब्दांत, “आपल्या स्टोअरसारखं गं.” स्टोअरला चिठ्ठी द्यायची की अमुक वस्तू द्या; ते ती वस्तू आणतं, तिला जे जे लागतं तेही आणतं आणि सगळं जागच्या जागी बसवून देतं. मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. पुरणपोळी म्हटलं की डाळ, गूळ, वेलची, कणीक आपोआप घरात. आणि उलटही खरं. कणीक काढून टाकली की पोळी गेली, पुरी गेली, कणकेवर चालणारं सगळं गेलं. हे मला लक्षात आलं. ह्यांना आलं नाही, कारण ह्यांना सिस्टीम कळते.

आणखी एक शब्द ह्यांचा फार लाडका, ‘सुडो’. ओळीच्या सुरुवातीला तो लिहिला आणि पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर समजतो, आता साहेब बोलतायत, ऐकायलाच हवं. कारखान्यात हे साहेब होता होता राहिले. इथे रोज सकाळी चहानंतर होतात. काही मोठं काम असलं की कॉम्प्युटर बिचारा आधी यादी दाखवतो, हे हे येईल, हे हे जाईल, आणि विचारतो, करू का? वाय की एन, म्हणजे हो की नाही? की ह्यांनी वाय असा दाबायचा, की टेबल हलावं.

“वाचलं का काय लिहिलंय?” मी विचारायची.

“अगं, ती विचारायची पद्धत असते. पंगतीत ‘वाढू का’ विचारतात, तसं. हो म्हणायचं असतं.”

यंदा उन्हाळा सरता सरता तेजस्विनी आमच्याकडे राहायला आली. माझ्या धाकट्या दिरांची, सोमाभाऊजींची मुलगी. गाव निफाडकडे. तिला जन्मापासून दिसत नाही. हे मी आधीच सांगते, कारण लोक ते मागून कुजबुजतात आणि तिला कुजबुज फार लांबून ऐकू येते. बी.ए. झालेली, कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली, आणि जीभ अशी तिखट, की माझीच मुलगी वाटावी. ती मला काकू म्हणते आणि ह्यांना नाना.

ललितने तिच्यासाठी त्याच कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला. त्याचा आवाज नाकातून यायचा, सर्दी झालेल्या शिक्षकासारखा, म्हणून तेजूने त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली. ती त्याला इतकं भरभर बोलायला लावायची, की आम्हाला नुसती कुरकुर ऐकू यायची आणि तिला अख्खं पान कळायचं. सकाळी कॉम्प्युटर ह्यांचा, नंतर दिवसभर तेजूचा आणि मास्तरचा, अशी वाटणी ठरली.

सोमाभाऊजींनी तिला पाठवलं, पण अट घालून. “दिवाळीपर्यंत काम मिळालं तर राहू दे, दादा. नायतर मी घेऊन जाईन. लोक बोलत्यात, पोर दिसत नाय म्हून भावाच्या गळ्यात बांधली. लय लागतं ते.” तेव्हा आमचे हे छाती काढून म्हणाले, “सोमा, ती माझ्या घरातून नोकरीला लागेल. हा माझा शब्द.” तेजू दारात उभी होती. तिने तो शब्द पदरात बांधून घेतला.

कष्ट तिने केले. अर्ज केले, नकार ऐकले. एका ठिकाणी तर समोरचा म्हणाला, ‘मॅडम, डोळे बरे झाले की फोन करा.’ शेवटी प्रवाशांची हॉटेलं ठरवून देणाऱ्या एका कंपनीने तिची चाचणी ठरवली. घरी बसून, आपल्याच कॉम्प्युटरवर, प्रवाशांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांना उत्तरं लिहायची. ती ठरली वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दुपारी. त्याच दुपारी सोमाभाऊजी पिकअप घेऊन तिला न्यायला येणार होते. “बॅग भरून ठेव,” म्हणाले. चार दिवसांसाठी भरायची की कायमची, ते चाचणीवर होतं.

त्या सकाळी मी चकल्या तळत होते आणि तेजू माझ्याजवळ करंज्यांना मुरड घालत होती. मुरड तिची माझ्यापेक्षा बारीक पडते. मिक्सरवर खोबरं फिरत होतं. हॉलमधून ह्यांचा आवाज आला, “आज कॉम्प्युटरची दिवाळी करतो. फार भरताड झालंय.”

माझ्या काळजात तेव्हाच चर्र व्हायला हवं होतं. पण तेल तापलेलं असलं की बाईला दुसरं काही सुचत नाही.

ह्यांनी काय केलं ते नंतर कळलं. आधी टेबलामागच्या वायरी पुसल्या. एक वायर ‘जादा’ निघाली, ती भंगाराच्या पिशवीत गेली. मग काळी खिडकी उघडून आत कोण कोण बसलंय त्यांची नावं बघायला लागले. एका नावापाशी थांबले. पायथन. कुठल्याशा व्हिडिओत ह्यांनी ऐकलं होतं, की ती प्रोग्रॅम लिहायची भाषा आहे.

“अगं ए,” हॉलमधून ओरडले, “आपल्या घरात प्रोग्रॅम कुणी लिहितं का?”

“मला चकल्या तळू द्या!” मी ओरडले.

“म्हणजे कुणी नाही.”

मिक्सर तेजूच्या अगदी कानाशी होता, ते ओरडणं तिला कळलंच नाही. ह्यांनी सुडो लिहिला, काढून टाक म्हणून हुकूम दिला, पासवर्ड टाकला. कॉम्प्युटरने भली मोठी यादी दाखवली. सांगत होता बिचारा, की याच्याबरोबर हे जाईल, ते जाईल, अमुक जाईल, तमुक जाईल, करू का? टेबल हललं. तेवढं मात्र मला मिक्सरमधूनही ऐकू आलं.

मग ह्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. स्वच्छ झाल्यावर कसा पळतो ते बघायला.

तेजू हात नुसते झटकून सराव करायला बसली. जरा वेळ टकटक ऐकू आली. मग तीही थांबली.

“नाना, मास्तर बोलत नाही.”

“येईल, येईल. आत्ताच आंघोळ घातलीय त्याला.”

“स्क्रीनवर काय दिसतंय?”

“काही नाही. काळं आहे.”

“काहीच नाही?”

“थोडी अक्षरं आहेत पांढरी.”

“काय आहेत? वाचा. आणि काढलंत काय ते सांगा.”

“एकच वस्तू काढली. पायथन का काय ते. कुणी वापरत नव्हतं.”

तेजूने कपाळावर हात मारला. पीठ लागलेला हात, पाची बोटं उमटली. “नाना, मास्तर पायथनवर चालतो. मास्तरच काय, चित्रं, खिडक्या, वाय-फाय, अर्धा कॉम्प्युटर त्याच्यावर उभा होता. तुम्ही पायाच काढलात की हो!”

मी झारा घेऊन हॉलमध्ये आले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “वाटोळं केलंत पोरीचं! आज, आजच्या दिवशी! पुरणयंत्र गेलं, मी गप्प बसले. भिंत गेली, गप्प बसले. आता हिची भाकरी भंगारात दिलीत!” हे त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. तोंड एवढंसं झालं होतं.

ललितला फोन लावला तर बंद. मीटिंगमध्ये असला की बंदच ठेवतो. मी म्हटलं, नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊ. तेजू म्हणाली, “तिथे कॉम्प्युटर आहे काकू, मास्तर नाही.” आणि तिने खुर्ची पुढे ओढली. “स्टोअर शाबूत असेल. सगळं परत मागवू. पण मला समोरचं ऐकू येत नाही आता. नाना, मास्तरचं काम तुम्ही करायचं. स्क्रीनवर येईल ते वाचायचं, मी टाइप करते.”

आता हे वाचणं म्हणजे काय झालं, ऐका. ह्यांनी जन्मात कधी औषधाच्या बाटलीवरचं वाचलेलं नाही. इंग्रजी येतं, प्रश्न येण्याचा नाहीच. प्रश्न दम धरण्याचा.

“काहीतरी एरर आलाय,” हे म्हणाले.

“काहीतरी नको. जसं आहे तसं.”

“अगं, ते टेम्पररी काहीतरी म्हणतंय, म्हणजे होईल थोड्या वेळाने. मला वाटतं...”

“नाना,” तेजू म्हणाली, “बोलू नका, वाचा.”

आमच्या घरात ह्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं. मी तर नाहीच. म्हणजे बोलले होते, पण ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. चष्मा पुसला, खुर्ची जवळ घेतली आणि अक्षर अक्षर वाचलं. अर्थ तेजूने लावला. नेटच नव्हतं. वाय-फाय पायथनबरोबर गेलेलं. “भिंतीवरच्या नेटच्या डब्यातून वायर येत होती ना एक? ती बघा.” हे माझ्याकडे बघायला लागले. मी भंगाराची पिशवी उलटी केली, वायर काढून तोंडावर फेकली. म्हणजे हातात दिली, पण फेकल्यासारखी.

हे सगळं चाललेलं असताना खाली पिकअपचा हॉर्न वाजला. सोमाभाऊजी वर आले, हातात कोथिंबिरीची जुडी. बघतात तर पोरीच्या कपाळावर पिठाची पाची बोटं, भाऊ घामाघूम, वहिनीच्या हातात झारा.

“काय झालंय? चाचणी हाय ना आज?”

मी म्हणणार होते, कंपनीने पुढे ढकललीय. खरंच म्हणणार होते, शब्द ओठांवर होता. दिरापुढे नवऱ्याची अब्रू झाकायची, ही सवय काही भंगारात जात नाही. पण हे उभे राहिले.

“सोमा, माझ्यामुळे कॉम्प्युटर बिघडलाय. त्याने मला विचारलं होतं. मी वाचलं नाही आणि हो म्हटलं. पोरीची काही चूक नाही. तिला न्यायची असेल तर ने, पण ती नापास झाली असं गावात सांगू नको. मी झालो, असं सांग.”

सोमाभाऊजी कोथिंबीर धरून तसेच उभे. थोरल्या भावाला चुकलो म्हणताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं होतं? माझा राग तिथेच बसला. राग बसला आणि रडू आलं, आणि चकल्या करपल्याचा वास आला, म्हणून मी आत पळाले.

बाहेर आले तेव्हा स्टोअरने यादी दाखवली होती. या खेपेला काय काय येणार त्याची. हे वाचत होते. एकेक नाव, त्यातली रेघ, टिंब, आकडा, सगळं. गुरवाने आरती म्हणावी तसा एक सूर लागला होता. मधेच तेजू म्हणायची, “थांबा, परत,” आणि हे परत वाचायचे. मास्तरच्या प्रोग्रॅमचं नाव आलं तेव्हा तेजूने ते दोनदा वाचून घेतलं. यादी संपली. खाली तोच प्रश्न आला, करू का?

ह्यांनी टेबलावरून हात उचलून मांडीवर ठेवले.

“तेजू, दाबायचं का?”

“सगळं वाचलंत?”

“सगळं.”

“जाणारं काही आहे का त्यात?”

ह्यांनी पुन्हा खालून वर पाहिलं. “जाणारं शून्य.”

“मग दाबा.”

इतक्या हळू दाबला, की टेबलाला कळलंही नसेल.

स्टोअरमधून माल यायला लागला. हे मोठ्याने टक्के वाचत होते, सोमाभाऊजी टक्क्यांना मान डोलवत होते, आणि घड्याळाकडे बघायची हिंमत कुणाची नव्हती. एकदा बंद करून पुन्हा चालू केलं. चित्रं आली, खिडक्या आल्या. तेजूने दोन-तीन कळा दाबल्या आणि त्या नाकातल्या आवाजाने काहीतरी कुरकुर केली. तेजू खुर्चीतल्या खुर्चीत उडाली. “आला! मास्तर आला!” मी त्या मेल्या आवाजाला मनातल्या मनात हात जोडले.

चाचणीला अगदी थोडा वेळ उरला होता. तेजूने कंपनीचं पान उघडलं. पण गंमत बघा. कंपनीने सूचना लिहून नव्हत्या घातल्या, सूचनांचा फोटो घातला होता. फोटोतली अक्षरं मास्तरला वाचता येत नाहीत. तो आपला एकच शब्द म्हणत राहिला, चित्र, चित्र. दिसत नसणाऱ्या पोरीला परीक्षेला बसवताना कंपनीने एवढा विचार केला होता.

“नाना, वाचा,” तेजू म्हणाली. तिचा जीव घाबरा झाला होता. “आणि इथेच बसा. मास्तर परत गप्प झाला तर?”

“बसतोय. हलत नाही.” ह्यांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाचायचं, मग मराठीत सांगायचं. वेळ किती, मधे उठता येणार नाही, स्क्रीन वाचणारा प्रोग्रॅम चालेल.

मी मागे उभी होते. मलाही थोडंफार वाचता येतं. शेवटची ओळ मी ह्यांच्या आधी वाचली. परीक्षा देणाऱ्याशिवाय खोलीत दुसरं कोणी असू नये. आढळल्यास चाचणी रद्द.

ह्यांचा आवाज त्या ओळीपाशी अडला. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, गिळा ती. कुणाला कळणार होतं? मास्तरला ती वाचता येत नव्हती, तेजूला दिसत नव्हती, आणि मास्तर पुन्हा बंद पडला तर तिच्याजवळ कोण होतं? आयुष्यभर वाचायचं गाळलंत, आज एक ओळ आणखी गाळली तर काय आभाळ कोसळणार आहे?

हे पुन्हा स्क्रीनकडे वळले. घसा साफ केला आणि ती ओळ वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत, टिंबासकट.

तेजू म्हणाली, “मग तुम्हाला जावं लागेल, नाना.”

“हो,” म्हणाले. “सगळं वाचून झालंय. आता काही राहिलं नाही.” तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला आणि सोमाभाऊजींना बाहेर काढलं, स्वतः बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं जिन्यात जाऊन बसलो. घरात थांबलो तर आवाज जाईल, असं ह्यांचं म्हणणं. शेजारणीने विचारलं, “बाहेर का बसलात?” मी म्हटलं, “घर झाडतायत.” सोमाभाऊजींनी हळूच विचारलं, “दादा, आत चाललंय का नीट?” हे म्हणाले, “मला काय माहीत? मी आता त्यात नाही.” आणि गुडघ्यांना हाताची मिठी घालून बसले, विमान उडाल्यावर टूलरूमवाला बसत असेल तसे.

चाचणी झाली. तेजूने दार उघडलं, चेहऱ्यावरून काही कळेना. “झाली. मास्तर टिकला,” एवढंच म्हणाली. सोमाभाऊजी निघायचं म्हणाले. मग चहा म्हणाले. मग करपलेल्यातल्या बऱ्या चकल्या निवडून खात बसले. पोरीची भरलेली बॅग दाराशी तशीच होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

दिवेलागणीला कंपनीतल्या बाईंचा फोन आला. तेजूने स्पीकर लावला. बाई आधी चाचणीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “पान उघडल्यापासून आमच्याकडे आवाज रेकॉर्ड होतो. सुरुवातीला तुमच्या खोलीत पुरुषाचा आवाज आहे. कोण होतं ते?”

तेजू म्हणाली, “माझे काका. तुमच्या सूचनांचा फोटो वाचून दाखवत होते.”

“ते ऐकलं आम्ही. शेवटची सूचनाही वाचली त्यांनी. त्यानंतर दार लागल्याचा आवाज आहे, आणि पुढे फक्त तुमच्या टायपिंगचा. तो दाराचा आवाज नसता तर मला आत्ता वेगळा फोन करावा लागला असता.” मग कागद सरकवल्यासारखा आवाज झाला. “उत्तरं चांगली आहेत तुमची. दिवाळी झाली की या रुजू व्हायला.”

सोमाभाऊजींनी बॅग उचलली, आणि ती घेऊन खाली जाण्याऐवजी आत तेजूच्या खोलीत नेऊन ठेवली. “चार दिसाचे कपडे काढ फक्त,” म्हणाले. तेजू हसत होती आणि बापाला हाताने चाचपत होती, आणि बाप तिच्या कपाळावरचं वाळलेलं पीठ पुसत होता.

हे तिथे नव्हते. मी शोधत गेले तर बाथरूमचं दार आतून लावलेलं, नळ जोरात सोडलेला, आणि त्या नळाच्या आवाजातही ह्यांचं हमसून हमसून रडणं ऐकू येत होतं. एरवी पाणी वाया जातं म्हणून मी दार बडवलं असतं. त्या दिवशी वाहू दिलं.